गुणसूत्रांची अचूक विभागणी : वर्गातील आकृती, फळमाशीचा पुरावा आणि खान्देशातील केळी

पेशीविभाजन हा जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील पायाभूत घटक होय. जळगाव येथे 15 ऑगस्ट 1990 रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली (2018 पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते). तेव्हापासून जळगाव-धुळे परिसरातील अभ्यासक्रम अनेकदा बदलले. हा घटक शिकविण्याची रीत मात्र बहुतांशी तीच राहिली. कांद्याच्या मुळाचे टोक रंगवावे, काचपट्टीवर दाबावे, पूर्वावस्थेपासून अंत्यावस्थेपर्यंतची चित्रे ओळखावी व वहीत नावे देऊन आकृती काढावी, एवढ्यावर प्रात्यक्षिक संपते. गुणसूत्रे कोठे असतात हे विद्यार्थ्यास कळते. ती चुकत का नाहीत, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. या रीतीचा खरा दोष हाच आहे.

त्यात भाषेची भर पडते. ‘तर्कुतंतू आकुंचन पावून गुणसूत्रांना ध्रुवांकडे ओढतात’ हे वाक्य टिपणवह्यांतून वारंवार भेटते. स्नायूचा भास करून देणारे हे वर्णन दोनदा चुकते. तंतू आकुंचन पावत नाहीत. त्यांच्या टोकांतील घटक सुटत जातात व ते तोकडे होतात. शिवाय ओढ मध्यावस्थेतच दोन्ही बाजूंनी लागलेली असते. जोडगुणसूत्रांना एकत्र बांधणारे कोहेसिन तोडले जाते, तेव्हा ती विलग होतात. तोडणारे विकर सेपरेज. योग्य क्षणापर्यंत त्याला आवरून धरणारे प्रथिन फळमाशीत ‘पिंपल्स’ या नावाने ओळखले जाते. म्हणजे विभागणीचा निर्णय ओढण्यात नसून सोडण्यात आहे. आकृतीत बाण दाखविता येतो, सोडणे दाखविता येत नाही. म्हणून ते वगळले जाते.

येथे फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारे ड्रोसोफिला हे बारीक चिलट अभिप्रेत आहे. आंब्यास वा वेलवर्गीय भाज्यांस उपद्रव देणारी, शेतकऱ्यांच्या परिचयाची फळमाशी निराळ्या कुळातील. गुणसूत्रांच्या केवळ चार जोड्या असल्याने चूक चटकन ओळखू येते, हा या चिलटाचा मोठा गुण. कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी 1916 मध्ये नेमक्या अशा चुकांचाच आधार घेतला. पांढऱ्या डोळ्यांची मादी व लाल डोळ्यांचा नर यांच्या संततीत मुली लाल व मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे असावयास हवेत; क्वचित एखादी मुलगी पांढऱ्या डोळ्यांची निघे. तिच्यात आईची दोन्ही एक्स गुणसूत्रे व बापाचे वाय गुणसूत्र आढळले. गुणसूत्रे हीच आनुवंशिकतेची वाहक होत, याचा हा भक्कम पुरावा ठरला. विभागणी बिघडली, म्हणून तिचे महत्त्व सिद्ध झाले.

पुढील संशोधनाची वाटही बिघाडांतूनच गेली. मेई-एस332 या प्रथिनात उत्परिवर्तन झाले की अर्धसूत्री विभाजनाचा पहिला टप्पा बहुधा सुरळीत पार पडतो, परंतु जोडगुणसूत्रे अकाली सुटतात व दुसऱ्या टप्प्यात विभागणी फसते. सूत्रकेंद्रावरील बंध दुसऱ्या टप्प्यापर्यंत जपणे हे या प्रथिनाचे कार्य, असे त्यावरून निश्चित झाले. यीस्टमधील याच कुळातील प्रथिनास 2004 मध्ये ‘शुगोशिन’ म्हणजे जपानी भाषेत रक्षक देवता असे नाव मिळाले. नाव सुंदर आहे. पण देवतेने काम कसे केले, हे नावाने कळत नाही.

‘तपासणी नाका’ हे रूपकही असेच तपासावयास हवे. त्यामुळे वाटेत कोणी पहारेकरी बसला असून तो प्रत्येक गुणसूत्राची पावती पाहतो, असा समज होतो. वस्तुतः ज्या कायनेटोकोरला तंतू लागलेला नाही, तोच थांबण्याचा संदेश निर्माण करतो. तेथे मॅड-2 हे प्रथिन आपले रूप बदलते, बबआर-1 व सीडीसी-20 (फळमाशीतील ‘फिझी’) यांच्यासह संयुग बनवते आणि पश्चावस्था सुरू करणारी यंत्रणा अडवून धरते. असा एक कायनेटोकोर उरला तरी सर्व गुणसूत्रे थांबू शकतात. मॅड-2 नसलेले उंदराचे गर्भ आरंभीच्या अवस्थेतच मरतात. मॅड-2 नसलेल्या फळमाश्या मात्र जगतात व प्रजननक्षमही असतात, असे 2007 मध्ये बफँ, एम्रे व कॅरेस यांनी दाखविले. त्यांच्या पेशींत तंतूंशी जोडणी इतकी त्वरेने होते की एरव्ही थांबण्याची गरजच पडत नाही. बबआर-1 चा अभाव मात्र माशीस मारक ठरतो. नाका एकच असता तर हा भेद पडला नसता. पाठ्यपुस्तकात एका चौकटीत मावणारी यंत्रणा प्रत्यक्षात अनेक कामे वाटून घेणाऱ्या प्रथिनांची आहे, आणि ती सर्व प्राण्यांत सारखी नाही.

खान्देशातील वर्गाला याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयाचे कारण नाही. रावेर-यावल पट्ट्यातील बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या केळी त्रिगुणित असून त्यांच्या पेशींत 33 गुणसूत्रे, म्हणजे 11 चे तीन संच असतात. समविभाजनात प्रत्येक गुणसूत्र स्वतःची प्रत घेऊन स्वतंत्रपणे दोन ध्रुवांशी जोडले जाते. जोडीदाराची गरज नसल्याने तीन संच असूनही झाड जोमाने वाढते. अर्धसूत्री विभाजनात मात्र जोडी लागते. दोघांची जोडी जमते आणि तिसरा संच अधांतरी राहतो. बीजरहित फळ हे केवळ याचेच फलित नव्हे. परागणाविना फळ धरण्याचा गुण व मादीवंध्यत्वाची अन्य कारणेही त्यात आहेत. तरीही मुनवे वा ऊतिसंवर्धित रोपे यांवाचून या केळीची लागवड होऊ शकत नाही, यामागे ही अडचण आहेच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतील माश्या कुस्करलेल्या केळ्यांवर वाढविल्या जात, ही गंमतही नोंदवण्याजोगी आहे.

केळीची गुणसूत्रे अतिशय लहान असतात; महाविद्यालयीन सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजणे कठीण. त्यामुळे कांद्याची ठळक 16 गुणसूत्रे प्रात्यक्षिकात राहणे रास्तच आहे. परंतु त्याच तासाला ‘33 चे दोन समान भाग कसे होतील?’ हा प्रश्न फळ्यावर लिहिण्यास कोणत्याही उपकरणाची गरज पडत नाही.