टेम्पेलची नजर

विल्हेल्म टेम्पेलने पाच लघुग्रह शोधले आणि धूमकेतू त्याच्या दुपटीहून अधिक. तरी त्याची ओळख करून द्यायची तर मी वाचकाला आधी कृत्तिकांकडे नेईन. १९ ऑक्टोबर १८५९ रोजी व्हेनिसमध्ये त्याला या पुंजातल्या मेरोपी ताऱ्याला बिलगलेला फिकट तेजोमेघ दिसला. आरशावर श्वास सोडला की उमटतो तसा डाग, असं त्याचं वर्णन त्याने केलं. किती अचूक! ही उपमा चित्रकारालाच सुचावी.

टेम्पेल होताच शिळाछापाचा कारागीर. १८२१ साली सॅक्सनीतल्या एका खेड्यात, गरीब घरात जन्मलेला. दगडावर चित्रं रेखून पोट भरायचं आणि रात्री आभाळ पाहायचं. करड्या रंगाच्या बारीक छटा ओळखणं हे ज्याच्या हातचं काम, त्याला हा मंद उजेड सापडला याचं मला नवल वाटत नाही. श्टाइनहाइलची चार इंची दुर्बीण त्याने स्वतः विकत घेतली होती. ती लहान होती हेच पथ्यावर पडलं. पसरलेला पुसट उजेड भोवतीचा काळोख सोबत दिसला तरच उठून दिसतो, आणि मोठ्या दुर्बिणीच्या अरुंद दृष्टिक्षेत्रात तो हरवतो. म्हणून मोठी साधनं असलेल्या कित्येकांना मेरोपीचा तेजोमेघ दिसेना. तो आहे की नाही यावरचा वाद १८८० च्या दशकातल्या छायाचित्रांनी मिटवला.

पुढे तो फ्रान्समधल्या मार्सेला गेला. तिथली वर्षं भरभराटीची. मार्च १८६१ मध्ये अँजेलिना आणि सिबिली हे लघुग्रह चार दिवसांच्या अंतराने सापडले. १८६५ मध्ये टेम्पेल-टटल, १८६७ मध्ये टेम्पेल-१ हे धूमकेतू. मग युद्ध पेटलं आणि १८७१ मध्ये जर्मन म्हणून त्याला फ्रान्स सोडावं लागलं. मिलानमध्ये खगोलशास्त्रज्ञ स्क्यापारेल्लीच्या हाताखाली काही काळ, आणि त्यानंतर अखेरपर्यंत फ्लोरेन्सची आर्चेत्री वेधशाळा.

आर्चेत्रीत आमिचीने घडवलेली भिंगं उत्तम होती, बैठक मात्र अपुरी. ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारी घड्याळी यंत्रणा नाही, अंशांकित वर्तुळं नाहीत. अशा साधनाने टेम्पेलने तेजोमेघांची देखणी चित्रं काढली. आणि इथेच तो चुकला. खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉसने काही तेजोमेघांत पाहिलेले सर्पिल आकार त्याला दिसले नाहीत, तेव्हा त्याने ते कल्पनेचे खेळ ठरवले. सर्पिल खरे होते. पण मला या चुकीतही तोच टेम्पेल दिसतो. इतरांना दिसत नसतानाही त्याने मेरोपीचा डाग नोंदला तो स्वतःच्या डोळ्यांच्या भरवशावर, आणि सर्पिल नाकारले तेही त्याच भरवशावर. ही सचोटी आणि ही मर्यादा एकाच माणसाची आहे. ती वेगळी काढून त्याचं कौतुक करता येत नाही.

१८८९ मध्ये फ्लोरेन्सला तो वारला. ४ जुलै २००५ रोजी ‘डीप इम्पॅक्ट’ यानाने सोडलेला ठोकळा टेम्पेल-१ वर आदळला आणि धूमकेतूच्या पोटातली धूळ माणसाने प्रथमच उधळून पाहिली. टेम्पेल-टटलची धूळ पाहायला यान लागत नाही. १७ नोव्हेंबरच्या आसपास पहाटे शहराच्या दिव्यांपासून दूर जा आणि सिंह राशीकडे तोंड करून थांबा. तिथून सुटताना दिसणाऱ्या उल्का त्याच धूमकेतूच्या आहेत.