ओरिओल्स : 'पहिले' म्हणून मोकळं होण्याआधी

आज आपण बोलणार आहोत बाल्टिमोरच्या 'ओरिओल्स' या गटाबद्दल. ऱ्हिदम अँड ब्लूजचा इतिहास सांगताना यांना 'पहिला व्होकल ग्रुप' असं म्हणतात आणि पुढे जातात. आमचं म्हणणं असं, की या बिरुदामुळे त्यांचं खरं काम झाकलं जातं.

आधी हे 'पहिला' प्रकरण बघू. यांच्यापूर्वी मिल्स ब्रदर्स होते, इंक स्पॉट्स होते. पक्ष्याचंच नाव घेतलेले रेव्हन्सही १९४६पासून गात होते. आणखी एक गंमत बघा. ओरिओल्सचं 'इट्स टू सून टू नो' नोव्हेंबर १९४८मध्ये 'बिलबोर्ड'च्या ज्या यादीत पहिलं आलं, तिला तेव्हा 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत. 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव तिथे आलं १९४९मध्ये. म्हणजे गाणं आधी, बारसं नंतर!

मग नवं काय होतं? गाणं लिहिलं डेबोरा चेस्लरनं. वंशभेद पाळणाऱ्या त्या शहरातली ही तरुण ज्यू मुलगी. या कृष्णवर्णीय मुलांच्या गटाची मॅनेजरही तीच. गाण्यातला प्रश्न साधा आहे: तिचं माझ्यावर प्रेम आहे का? कळायला अजून अवकाश आहे. सनी टिल संथ लयीत, ठेक्याच्या जरा मागे रेंगाळत गातो. मधला भाग जॉर्ज नेल्सन भारदस्त आवाजात घेतो. अलेक्झांडर शार्पचा उंच आवाज वर तरंगत राहतो. मागे वाद्यांची गर्दी नाही.

मिल्स ब्रदर्सच्या मापानं ही बांधणी सैल वाटते, आणि ती आहेच. पण घोटीव गटगायनात सगळ्यांचं आधीच एकमत झालेलं असतं. इथे ते झालेलं नाही. गाण्यातली शंका आवाजांच्या रचनेतच उतरली आहे. एक तरुण पुरुष, तोही १९४८च्या अमेरिकेतला कृष्णवर्णीय पुरुष, 'मला ठाऊक नाही' असं हळुवारपणे म्हणतो. आमच्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे.

पुढे हाच साचा त्यांनी फार गिरवला, हेही सांगायला हवं. १९५०मध्ये गिटारवादक टॉमी गेदर मोटार अपघातात गेला. मग १९५३मध्ये 'क्राइंग इन द चॅपल' आलं. मुळात ते आर्टी ग्लेननं आपल्या मुलासाठी लिहिलेलं कंट्री गाणं. यांनी ते घेतलं आणि तोच जुना संकोच प्रार्थनेत नेला. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत ते पहिलं आलं. आज मात्र बहुतेकांना आठवतं ते एल्विसचं, १९६५मध्ये बाजारात आलेलं.

१९९५मध्ये ओरिओल्सना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. सनी टिल १९८१मध्येच गेला होता. सन्मान उशिरा आला, तो येऊन गेला. ऐकणं मात्र आपल्या हातात आहे. आज घरी गेल्यावर ही दोन गाणी लागोपाठ ऐका, आणि 'पहिले कोण' हा प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला ठेवा.