मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दैवविचार : शब्द आणि वाक्य

सन 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळक यांची एका अनोळखी युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. हा लोहमार्ग गोंदियावरून जातो. जुन्या शिवमंदिरामुळे परिचित असलेले नागरा हे गाव तेथून जवळच आहे. मराठी मुलखाच्या या पूर्व सीमेवरून चाललेल्या प्रवासात त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते त्या वेळी असंभाव्य वाटले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ख्रिस्ती चरित्रकारांनी हा प्रसंग आवडीने सांगितला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि त्यात एक अडचण दडलेली आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. जो धर्म ज्योतिषाला व शकुनविचाराला निषिद्ध मानतो, त्याच धर्माच्या एका श्रेष्ठ मराठी कवीच्या धर्मांतराची कथा एका खऱ्या ठरलेल्या भविष्यकथनाने सुरू होते. प्रवाशाचे ते वाक्य आणि पहाटे दारी येणाऱ्या पिंगळ्याचे वाक्य यांत भेद कोणता? दोघेही पुढे काय होणार ते सांगतात, आणि पिंगळ्याचेही कधी कधी खरे ठरते.

बायबलपुरते बोलावयाचे तर भेद खरेखोटेपणाचा नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथील एका दासीची कथा आहे. तिच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा असून त्यावर तिच्या धन्यांना चांगली मिळकत होत असे. पौल व सीला यांच्याविषयी ती जे ओरडून सांगते ते ख्रिस्ती दृष्टीने सर्वस्वी सत्य आहे. तरीही पौल तो आत्मा घालवून देतो, आणि बुडालेल्या उत्पन्नामुळे चिडलेले धनी त्या दोघांना तुरुंगात टाकवितात. मराठी वाचकाला या कथेतील अर्थशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात तर दैवज्ञ, शकुन पाहणारे, मृतांना विचारणारे यांचा निषेध, आणि इस्राएलासाठी देव संदेष्टा उभा करील हे अभिवचन, ही दोन्ही लागोपाठ येतात. पहिल्याच्या जागी दुसरा, असा तो क्रम आहे. जोश्याला प्रश्न विचारता येतो, दक्षिणा देता येते, ग्रहशांतीचा उपाय मागता येतो. संदेष्ट्याला यांपैकी काहीही करता येत नाही. तो न विचारता बोलतो, आणि बहुधा नको असलेले बोलतो. (प्रेषितांनीच मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून केली, ही गोष्ट मात्र कौल लावणाऱ्या कोकणी गावकऱ्याने पुढे केली तर उपदेशकाची थोडी पंचाईतच व्हावी.)

आता हा भेद मराठीत कसा उतरला ते पाहण्यासारखे आहे. जुन्या मराठी बायबलात संदेष्ट्यासाठी ‘भविष्यवादी’ हा शब्द होता. यशया हा भविष्यवादी आणि ग्रामजोशी हाही एका अर्थी भविष्यवादीच. म्हणजे जो भेद शास्त्राला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, तो शब्दानेच पुसून टाकला होता. मूळ ग्रीक शब्दात भविष्याचा अर्थ अनिवार्य नाही. दुसऱ्याच्या वतीने, उघडपणे बोलणारा, एवढेच त्यात आहे. पुढील सुधारलेल्या भाषांतरात ‘संदेष्टा’ हा शब्द आला आणि मराठी ख्रिस्ती समाजात तो रूढ झाला. त्याचे मोल ‘भविष्यवादी’च्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजेच कळते. काळाचा संबंध सोडून त्याने धाडणाऱ्याचा संबंध पकडला.

शब्द बदलावा की ठेवावा, हा प्रश्न फार जुना आहे. संत ऑगस्टीनने (354–430) ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात त्याचा विचार केला. ग्रहांच्या स्थितीवरून मनुष्याचे जीवित ठरत असेल तर जुळ्यांची आयुष्ये इतकी भिन्न का होतात, हा त्याचा ज्योतिषाविरुद्धचा आक्षेप प्रसिद्धच आहे. परंतु तेथेच त्याचे एक भाषाविषयक मत येते, ते अधिक सूक्ष्म आहे. लॅटिनमधील दैववाचक शब्द कोणी देवाची इच्छा या अर्थाने वापरीत असेल, तर त्याने आपला अर्थ कायम ठेवावा, मात्र बोली सुधारावी, असे तो सुचवितो. तो लॅटिन शब्द ‘बोलणे’ या धातूपासून आला असल्यामुळे ‘देव जे बोलला ते’ असाही त्याचा अर्थ करता येईल, हे त्याला ठाऊक होते. तरीही लोकांच्या तोंडी शब्द ज्या अर्थाने आहे त्याचाच धाक त्याला अधिक वाटला.

मराठीची स्थिती याहूनही चमत्कारिक. ‘दैव’ म्हणजे व्युत्पत्तीने देवाचे, देवापासून आलेले. ख्रिस्ती उपदेशकाला याहून सोयीचा शब्द कोणता मिळणार होता? परंतु व्युत्पत्ती शब्दकोशात राहते आणि व्यवहारात ‘दैव’ देवाहून निराळे, प्रसंगी देवाच्याही वरचे असते. ‘भाग्य’ आणि अरबीतून आलेला ‘नशीब’ या दोन्हींचा मूळ अर्थ वाटा. दैववाचक ग्रीक शब्दाचाही तोच. वाटा कोणी घातला, हे तिन्ही शब्द सांगत नाहीत. ‘प्रारब्ध’ म्हणजे जे सुरू झाले आहे ते. संचितापैकी फळ देऊ लागलेला भाग. येथे एक गोष्ट मिशनरी लेखकांविरुद्ध नमूद केली पाहिजे. कर्मसिद्धांत म्हणजे निव्वळ दैववाद, असे त्यांच्यापैकी अनेकांनी धरून चालविले. ‘क्रियमाण’ हा तिसरा पक्ष आणि रामदासांनी ‘दासबोधा’त केलेला प्रयत्नाचा पुरस्कार यांना त्यांच्या वादात पुरेशी जागा मिळाली नाही.

खरा मुद्दा मात्र नामांपेक्षा वाक्यरचनेचा आहे. ‘माझ्या नशिबी आले’, ‘कपाळी लिहिलेले चुकत नाही’, ‘मला भोगावे लागले’ या नित्याच्या मराठी वाक्यांत मनुष्य कर्त्याच्या स्थानी नाही. तो षष्ठीत किंवा चतुर्थीत आहे आणि घटना त्याच्याकडे येते. लिहिणारी सटवाई लोककथेत आहे, सटीच्या रात्री ती येते. परंतु वाक्यात तिचा उल्लेख होत नाही. कर्त्याची जागा रिकामी असते, आणि ती रिकामी असण्यातच या वाक्यांचे सांत्वन आहे. ख्रिस्ती शिकवणुकीला ही जागा दोनदा भरून हवी असते. ‘देवाने नेमले’ आणि ‘मी केले’ : दोन्ही वाक्यांत कर्ता तृतीयेत उभा आहे. या दोन वाक्यांचा परस्परमेळ कसा घालावयाचा, हा युरोपातील सर्व वादाचा विषय होय. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे वैशिष्ट्य असे की, त्याला तिसऱ्या, कर्तृहीन वाक्याशीही झगडावे लागले.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (राचोल, 1616) या झगड्याची सुरुवात दिसते. स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यास आले ते येशूसंघाचे सदस्य म्हणून. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये मानवी इच्छास्वातंत्र्य पतनानंतरही नष्ट झालेले नाही असे ठरविले होते. पोप पाचवे सिक्स्टस यांनी 1586 मध्ये फलज्योतिषाविरुद्ध आज्ञापत्र काढले. आणि 1588 मध्ये येशूसंघाच्याच मोलिना यांचा कृपा व स्वातंत्र्य यांविषयीचा ग्रंथ निघून रोममध्ये 1607 पर्यंत निर्णय न होता वाद चालला. स्टीफन्स यांनी हा वाद ओवीत आणला नाही, हे उत्तम झाले. त्यांनी पुराणाचे दोन भाग केले : पहिल्यात अभिवचने, दुसऱ्यात त्यांची पूर्ती. भाकीत येथे ग्रंथरचनेचेच तत्त्व बनले आहे. पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्याला अवताराची पूर्वसूचना अपरिचित नव्हती. त्यामुळे संदेष्टा आणि दैवज्ञ यांतील भेद त्याला कितपत जाणवला असेल, याविषयी शंका राहते. गोव्याच्या इन्क्विझिशनला 1736 मध्येही देशी चालींविरुद्ध निषेधपत्र काढावे लागले, यावरून काय ते समजावे.

दैवाची भाषा म्हणजे आरोपाची भाषा, हे ज्याने प्रथम ओळखले तो लेखक बाबा पदमनजी (1831–1906). ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ ही त्यांची कादंबरी 1857 मध्ये प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती त्याच वर्षी निघाली, आणि त्या कोशाचा संक्षेप 1863 मध्ये स्वतः पदमनजींनीच केला; मराठी शब्दांचे वजन जाणणारा हा कादंबरीकार होता. विधवेच्या बाबतीत ती कर्तृहीन वाक्ये कर्तृहीन राहत नाहीत. ‘नवरा गेला’ हे वाक्य पाहता पाहता ‘हिने खाल्ला’ असे होते. कपाळकरंटी, पांढऱ्या पायाची, ही विशेषणे दैवाला दोष देत नाहीत, तिला देतात. पूर्वजन्मीचे पाप हे कोणी पाहिलेले नसते, म्हणूनच ते नाकारता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याविषयी शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे. आणि उत्तर येते, दोघांचेही नाही. पदमनजींच्या कादंबरीचे सारे बळ या एका नकारात आहे. यमुना आणि विनायक प्रवासात ज्या विधवांना पाहतात त्यांच्या दुःखाला प्रारब्ध कारण नसून माणसे कारण आहेत, वपन करविणारी, कोंडून ठेवणारी, नावे असलेली माणसे, हे लेखक पुनःपुन्हा दाखवितो. रिकाम्या कर्तृस्थानी त्याने माणसांना बसविले. मराठी गद्यात ही लहान गोष्ट नव्हे.

कलाकृती म्हणून मात्र ‘यमुनापर्यटन’ या विचाराला पुरी उतरत नाही. यमुनेची भेट ज्याच्याशी होते तो प्रत्येक जण एक दाखला घेऊनच उभा असतो. वैधव्य, छळ, बाप्तिस्मा, पुनर्विवाह हा क्रम पहिल्या प्रकरणापासून ठरलेला आहे. यमुनेच्या कपाळी काही लिहिलेले नसेल, परंतु ग्रंथकर्त्याच्या योजनेत सर्व काही लिहिलेले आहे. ती दुसरे काही करू शकली असती असे वाचकाला क्षणभरही वाटत नाही, आणि तसे वाटल्याखेरीज तिच्या निवडीला निवड म्हणता येत नाही. पदमनजी पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे उपदेशक झाले. त्या पंथाच्या मतपत्रिकेत पूर्वनियोजनाचा सिद्धांत आहे, याची येथे सहज आठवण होते. पण कादंबरीतील दोषाचे खापर कॅल्व्हिनच्या माथी फोडण्याचे कारण नाही. तो नवशिक्या कथाकाराचा दोष आहे.

पंडिता रमाबाईंनी (1858–1922) हा प्रश्न निराळ्या बाजूने घेतला. दुष्काळात तीर्थे हिंडताना आईवडील गमावलेल्या या विदुषीला व्रते, अनुष्ठाने आणि त्यांची फले यांचे शास्त्र मुखोद्गत होते. केडगावी त्यांनी केलेल्या बायबलाच्या भाषांतरात संस्कृत धर्मपरिभाषा टाळून अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशा मराठीचा आग्रह दिसतो. ऑगस्टीनचा सल्ला अक्षरशः पाळणारा मराठी लेखक शोधावयाचा झाल्यास तो केडगावासच सापडेल. मात्र शब्द वगळले म्हणजे वाक्याची घडण बदलते असे नाही.

ते लक्ष्मीबाई टिळकांवरून ध्यानात येते. आगगाडीतील भाकीत खरे ठरले तेव्हा टिळकांच्या दृष्टीने त्यांनी एक निर्णय घेतला होता. घरी राहिलेल्या पत्नीच्या बाजूने पाहता तीच घटना तिच्यावर येऊन कोसळली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की, पतीचे इच्छास्वातंत्र्य हेच पत्नीचे दैव झाले होते. त्याचे ‘मी केले’ ते तिचे ‘माझ्या वाट्याला आले’. ख्रिस्ती धर्मशास्त्राने देवाचे सामर्थ्य आणि मनुष्याचे स्वातंत्र्य यांचा इतका ऊहापोह केला, परंतु एका मनुष्याचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या कपाळी लिहिले जाते, या साध्या अनुभवाची नोंद घेण्यास मराठीत लक्ष्मीबाई याव्या लागल्या. त्यांनी ती तक्रार म्हणून केली नाही, पुष्कळदा हसतच केली. पुढे जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, आणि पतीनंतर पाच वर्षांनी, 1900 मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याविषयी मात्र आगगाडीत कोणी काही सांगितलेले नव्हते.