वाद घालायचा तर पूर्वपक्ष मांडा

दोस्तहो, आपल्या सभांना एक खोड लागलीय. विरोधकाचं म्हणणं काय, हे कुणी धड सांगतच नाही. एकदम शिवीवर येतात. टाळ्या पडतात, पण टाळ्या पिटणारे आधीच आपले असतात. मग पटवतोय कुणाला?

'जातिनिर्मूलन' या नजरेनं वाचा. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी हे भाषण लिहिलं. मंडळाला मजकूर झेपला नाही, परिषद बारगळली. बाबासाहेबांनी ते स्वतःच छापलं. ऐकणारा सवर्ण सुधारक आहे हे धरूनच त्याची बांधणी झालीय. म्हणून आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याच जोरानं मांडणं: जात म्हणजे श्रमविभागणी, ती कुठल्या सुधारलेल्या समाजात नाही? मग ते त्या शब्दालाच हात घालतात. कामं वाटणं वेगळं, कामकऱ्यांनाच उतरंडीत कोंबणं वेगळं.

शब्दाच्या दोन अर्थांमधल्या फटीत समोरच्याला पाडणं, याला न्यायशास्त्रात 'छल' म्हणतात. आपण म्हणतो, आमच्यात गुणवत्ता आहे. तो म्हणतो, मार्क दाखव. झाला छल! शास्त्र बामणांचं म्हणून नाक मुरडू नका. दिङ्नाग, धर्मकीर्ती हे बौद्धच होते. धर्मकीर्तीनं तर जातीच्या गर्वाला मूर्खपणाच्या खुणांत बसवलंय.

दृष्टांत कसा द्यावा तेही इथंच बघा. जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्यात अस्पृश्यांच्या पंगतीत तूप वाढलं, म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले. तुपाचा त्यांना एवढा राग का, हेही बाबासाहेब उलगडून सांगतात. 'अन्याय, अन्याय' असा घोष नाही.

गांधींनी 'हरिजन'मधून उत्तर दिलं. आठ आणे किंमत फार झाली, असंही लिहिलं. ते विषयांतर सोडा. त्यांचा खरा मुद्दा असा, की धर्म जोखायचा तो त्याच्या उत्तम माणसांवरून. आणि पुढं संतांची नावं. १९३७ च्या आवृत्तीत बाबासाहेब ही कसोटी झिडकारत नाहीत. तीच हातात घेऊन विचारतात, मग चांगले इतके थोडे आणि वाईट इतके फार का? हे खरं उत्तर! कसोटी त्यांचीच, अडचणही त्यांचीच.

संतांनी जातीविरुद्ध मोहीम काढली नाही, हा त्यांचा निकाल मात्र मला जरा सरसकट वाटतो. १९४८ चं 'द अनटचेबल्स' त्यांनीच नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलंय. यावर काहीजण अंगावर येतील. या. पण माझा पूर्वपक्ष मांडून या.