मागणी नाही, की मोजली नाही?

नांदेड-लातूरकडे लोकल गाड्यांचा विषय निघाला की दोन ठरलेली मतं ऐकू येतात. ‘मुंबईसारखी लोकल पाहिजे’ हे एक. ‘इथे गाडीला माणसंच नाहीत, सगळे मोटारसायकलवर फिरतात’ हे दुसरं. दोन्ही तपासून बघू.

दुसरं मत आकड्यांवर उभं असल्यासारखं वाटतं, म्हणून जास्त फसवं. तिकिटं कमी खपली, म्हणजे मागणी नाही. पण तिकीट कोण घेतो? आहे त्या वेळापत्रकात ज्याचं काम बसतं तो. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वेळेला गाडी नसेल, तर पूर्णा-मुदखेडचा माणूस दुचाकीने, एसटीने नाहीतर काळीपिवळीने नांदेड गाठतो. तो आपल्या नोंदीत येतच नाही. कोरड्या विहिरीवरच्या घागरी मोजून गावाची तहान ठरवता येत नाही. 2016 साली ज्यांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

मीही पहिल्या वर्षी हीच चूक केली. आठवडाभर प्लॅटफॉर्मवर डोकी मोजली. गाईडनी वही बघून एवढंच विचारलं, “जे स्टेशनवर आलेच नाहीत, त्यांचं काय?” मग बसस्टँडवरून परत सुरुवात केली.

आता पहिलं मत. मुंबईचं नाव घेण्याआधी आपले रूळ बघा. परभणी-मुदखेड हा सुमारे 81 किमीचा मार्ग दुहेरी झालाय, त्यामुळे नांदेडच्या दोन्ही बाजूंना जास्त गाड्यांना वाव आहे. लातूरची नॅरोगेज 2007-08 मध्ये ब्रॉडगेज झाली खरी, पण नांदेडहून रेल्वेने लातूरला जायचं तर परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा वळसा पडतो. रस्ता त्यापेक्षा सरळ. म्हणजे पूर्णा-नांदेडचा प्रश्न वेळापत्रकाचा आहे आणि नांदेड-लातूरचा मार्गाचा. दोन्हींना एकच उत्तर देणारा अहवाल दिसला की सावध व्हा.

तुमच्या प्रश्नावलीत हे चार प्रश्न ठेवाच: कुठून कुठे, किती वाजता, किती खर्च, आणि त्या वेळेला गाडी असती तर? मात्र ‘गेलो असतो’ म्हणणारे सगळेच जात नाहीत. तेवढी वजावट करा.

हा नुसता पद्धतीचा वाद नाही. लातूरला शिकायला आलेल्या उदगीरच्या पोराला रोज ये-जा जमली, तर त्याचं खोलीभाडं वाचतं. आपण त्याला मोजलंच नाही, तर त्याची गाडी कागदावरसुद्धा येणार नाही.