जुळलेली तेरीज

गाण्याच्या मैफलीला जाऊन दुसऱ्या दिवशी गवयाची उणीदुणी काढणारे समीक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत. नाटकांचे आहेत, पुस्तकांचे आहेत, लग्नातल्या मठ्ठ्याचेही आहेत. पण गाडी ट्यून करणाऱ्या मेकॅनिकची समीक्षा कोणी लिहीत नाही. वास्तविक सगळ्यांत महाग तिकीट त्याचंच. ही उणीव मी भरून काढतो. माझी पात्रता इतकीच, की मी बी.कॉम. आहे आणि मॉडिफाय केलेल्या बुलेटपायी अशा चार मैफलींना पदरमोड करून बसलेलो आहे.

बुलेट वडिलांची, 1986 सालची, बिडाच्या इंजिनाची. त्यांनी तिला उभ्या जन्मात कंपनीने दिलं त्याहून वेगळं काही लावलं नाही. गाडी माझ्याकडे आली आणि भाच्याने निदान केलं, "मामा, हिला श्वास घेता येत नाहीये." मग 24 मिलिमीटरचा कार्ब्युरेटर जाऊन 28 चा आला. एअर फिल्टरचा डबा जाऊन उघडा शंकू आला. सायलेन्सर तर असा आला, की मी ऑफिसला निघालो हे सोसायटीतल्या ठार बहिऱ्या आजोबांनाही कळू लागलं. गाडीचा श्वास मोकळा झाला, माझा अडकला. चढावर इंजिन तापायचं आणि रेस सोडली की मागून लवंगी फटाक्यांची माळ सुटायची.

पहिली मैफल पुण्यात नाना पेठेत. कलाकाराने डोळे मिटले, कान इंजिनाला लावला आणि पॉइंटची प्लेट फिरवून टायमिंग मागे घेतलं. गाडी 'धड... धड...' अशी विलंबित लयीत वाजू लागली. "ठोका ऐका साहेब!" ठोका खरोखर दाद देण्यासारखा होता. ठिणगी उशिरा पडली की इंजिन जास्त तापतं, ही गोष्ट मात्र मध्यंतरानंतर कळायची होती.

दुसऱ्याचं पहिलं वाक्य, "आधी कोणी हात लावला होता?" हे या घराण्याचं मंगलाचरण आहे. आधीच्याला मूर्ख ठरवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, हा दंडक. (बँकेत आम्हीही आधीच्या क्लार्कबद्दल हेच म्हणतो, म्हणून मी गप्प राहिलो.) त्याने कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये धुतला, हवेचा स्क्रू आवळला, "कचरा होता" म्हणाला आणि पैसे घेतले.

तिसऱ्याने पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि प्लग एका बैठकीत बदलले. गाडीत थोडा फरक पडला. कशाने पडला, हे त्यालाही सांगता येईना.

तिघांच्याही दारात उभी असताना गाडी झकास चालायची. माझी खरी तक्रार इथेच आहे. ट्रायल बॅलन्स, म्हणजे आपली जुनी तेरीज, जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. इकडची चूक तिकडच्या चुकीने झाकली जाते आणि बेरजा गुण्यागोविंदाने जुळतात. माझ्या गाडीत तेच झालं होतं. टायमिंग मागे घेतल्याने इंजिन मंदावलं, म्हणून रेसचा स्क्रू चढवला. नव्या फिल्टरने आणि सायलेन्सरने मिश्रणात हवा जास्त झाली, म्हणून हवेचा स्क्रू आवळला. पण त्या स्क्रूची सत्ता साधारण पाव रेसपर्यंतच. मध्ये सुईचं राज्य आणि शेवटी मेन जेटचं. त्या दोघांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिघांनी तेरीज जुळवली, खतावणी कोणीच उघडली नाही.

लेखापरीक्षण खंबाटकीच्या चढावर झालं. मागे सौ., तिच्यामागे ऊस भरलेला ट्रक, आणि गाडी मध्यावर बंद. ट्रकवाल्याने कचकन ब्रेक दाबला म्हणून ही समीक्षा लिहायला मी आहे. सौ. खाली उतरली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, मामंजींच्या वेळी ही गाडी घाट चढायची ना?" इतकी नेमकी समीक्षा मला लिहिता येणार नाही.

पुढे बदली होऊन कोल्हापूरला आलो. तिथे उद्यमनगरात चौथे गृहस्थ भेटले. मी ठोका ऐकवायला गेलो, तर म्हणाले, "आवाज ऱ्हाऊ दे वो सायेब. चढाला काय म्हणती ते सांगा. आन् काय काय बदललंय?" मी यादी दिली, ती त्यांनी वहीत उतरवली. वही पाहून माझे डोळे भरून आले. "आदी सायलेन्सर कंपनीचा लावा. ह्यो पोलिसबी काढून घेत्यात. बदलायचं ते आदी बदला, ट्यूनिंग शेवटाला. न्हाईतर जेवान झाल्यावर मीठ घातल्यागत हुतंय."

मग टायमिंग मूळ जागी आलं. दोन रविवार ते स्वतः गाडी घेऊन जोतिबाच्या चढाला गेले. भरल्या रेसमध्ये एकदम इंजिन बंद करायचं, क्लच दाबून गाडी कडेला घ्यायची, प्लग काढून बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त. माझा प्लग खडूसारखा पांढरा निघाला. त्यांनी मेन जेट एकेक पायरी मोठा केला, सुई एक खाच वर उचलली. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. शेवटी प्लग मारी बिस्किटाच्या रंगाचा झाला, तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

चौघांतला फरक हातातल्या कसबाचा नव्हता. पहिल्याचा कान तर चौथ्यापेक्षाही तयार असेल. पण तिघांनी मला खूश केलं आणि चौथ्याने गाडीची चौकशी केली. अर्थात तिघांनाच दोष का द्यावा? मी त्यांच्याकडे आवाज मागितला, त्यांनी आवाज दिला.

परवा भाचा आला होता. फेरी मारून आला आणि हिरमुसून म्हणाला, "मामा, आवाज गेला हो."

म्हटलं, "गेला खरा. पण गाडी घाट चढून परत येते."