पुनरागमन की पुनरुक्ती?

रंगभूमीवरून निवृत्त झालेला नट पुन्हा तोंडाला रंग लावून उभा राहिला, म्हणजे प्रेक्षक त्याच्याजवळ नवे काही मागत नाहीत. आपले सरलेले दिवस परत मागतात. जुन्या पदाला 'वन्समोअर' मिळतो आणि त्या गजरातच कलावंताची कसोटी लागते. स्वीडनमधील 'युरोप' या रॉक वाद्यवृंदाच्या 'स्टार्ट फ्रॉम द डार्क' या ध्वनिमुद्रिकेचा विचार आम्ही याच दृष्टीने करू इच्छितो.

स्टॉकहोमनजीकच्या एका उपनगरात १९७९ साली सुरू झालेल्या या मंडळीस १९८६ साली 'द फायनल काउंटडाउन'ने जगभर कीर्ती मिळवून दिली. सिंथेसायझरवरील ती तुतारीवजा सुरावट ज्याच्या कानी पडली नाही असा रसिक विरळा. परंतु याच यशाने वादक जॉन नोरम व्यथित झाला. आपली गिटार त्या झगमगाटात बुडून जाते, असे वाटून त्याने त्याच वर्षी संगत सोडली. १९९२ साली वाद्यवृंदाचे कार्यही थांबले. पुढे नोरमसह १९८६ चे तेच पाच जण एकत्र आले आणि २००४ साली प्रस्तुत ध्वनिमुद्रिका निघाली. निर्मातादेखील पूर्वीचाच, केविन एल्सन.

एवढी जुनी सामग्री हाताशी असता जुनाच पदार्थ रांधणे किती सोपे होते! पण या मंडळींनी तो मोह टाळला, हे आम्हांस विशेष वाटते. गिटारीच्या तारा नेहमीच्या स्वराहून खाली उतरवल्या आहेत. सिंथेसायझर साथीदाराच्या नम्रतेने मागे बसला आहे. गायक जोई टेम्पेस्ट तारस्वराचा अट्टाहास न धरता वयाने आलेल्या भारदस्तपणानेच गातो. 'हीरो' या गीतात आयरिश गायक फिल लिनॉट यास वाहिलेली श्रद्धांजली ऐकावी. तीत दुःखाचे प्रदर्शन नाही, ऋणाची जाणीव आहे.

तथापि गुणांबरोबर दोषही सांगणे प्राप्त आहे. या पंथाचे हार्ड रॉक लोकप्रिय झाले ते केवळ जोरकसपणामुळे नव्हे. एकदा ऐकलेले ध्रुपद घरी परतताना आपोआप ओठांवर यावे, हे त्याचे खरे बळ. येथे मात्र कित्येक ठिकाणी गिटारीच्या भाराखाली चाल दबते, आणि गीत संपल्यावर नाद उरतो, सुरावट उरत नाही. भूतकाळाचे अनुकरण करणारा जसा त्याचा दास, तसाच पदोपदी त्याला चुकवणाराही काही अंशी दासच होय. माधुर्य म्हणजे जुन्या झगमगाटाचाच अवशेष, अशी तर या मंडळींची समजूत झाली नसेल ना, अशी शंका आम्हांस येते.

पुढे २००९ सालच्या 'लास्ट लुक ॲट ईडन'मध्ये या मंडळींनी वाद्यमेळाचे वैभव आणि ठसठशीत चाली यांना पुन्हा निःसंकोच जवळ केले, यावरून आमच्या शंकेस थोडा आधार मिळतो. पण ती निर्भयता येण्यापूर्वी एकदा 'नाही' म्हणणे अवश्य होते, आणि ते येथे म्हटले गेले आहे. जुन्या आठवणींचे भुकेले असतील त्यांची या ध्वनिमुद्रिकेने निराशा होईल. ज्यांना प्रौढ कलावंताची प्रौढ वाणी ऐकावयाची आहे, त्यांनी मात्र ती दोन वेळा ऐकावी, अशी आमची शिफारस आहे. पहिल्या वेळी कान जुनी तुतारीच शोधीत राहतात.